एकाच रात्री दोन सिंथपॉप बँड: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सिंथपॉप म्हणजे सिंथेसायझर या विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्यावर उभं असलेलं पॉप संगीत. अशा इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनात एक शंका हमखास असते. रंगमंचावरची माणसं खरोखर वाजवतात, की एक बटण दाबून नुसती उभी राहतात? शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर बँडागणिक बदलतं. म्हणूनच नवख्या श्रोत्याला मी नेहमी दोन बँडांच्या जोड कार्यक्रमाला जायला सांगते. सभागृह तेच, स्पीकर तेच, गर्दीही तीच. बदलतात ती माणसं आणि त्यांची यंत्रं. यंत्राशी वागण्याच्या दोन तऱ्हा एका पाठोपाठ एक समोर आल्या की घरी बसून कितीही अल्बम ऐकले तरी जे उमगत नाही ते त्या रात्री उमगतं.

त्या रात्रीची तयारी कशी करायची, कुठे उभं राहायचं आणि नेमकं काय बघायचं, ते पुढे क्रमाने सांगते.

पहिली पायरी: जोडी कशा प्रकारची आहे ते बघा

जाहिरातीतली दोन नावं कशी छापली आहेत याकडे लक्ष द्या. एक नाव मोठं आणि दुसरं त्याखाली बारीक अक्षरांत असेल, तर खालचा बँड सुरुवात करून देणार. त्याला साधारण अर्धा-पाऊण तास मिळतो. दोन्ही नावं सारख्याच आकारात असतील तर दोघांचा मान सारखा, आणि बहुतेक वेळा वेळही सारखाच.

या संगीताच्या इतिहासात दोन्ही प्रकार सापडतात. १९७९ साली इंग्लिश गायक गॅरी न्यूमनच्या ब्रिटनमधल्या दौऱ्यात सुरुवातीला वाजवणारा बँड होता ऑर्केस्ट्रल मॅनोव्हर्स इन द डार्क, म्हणजे ओएमडी. तेव्हा ही मंडळी अगदी नवीन होती. १८ जून १९८८ ला कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथल्या रोझ बोल मैदानावर डेपेश मोडने आपल्या दौऱ्याचा शेवटचा, १०१ वा कार्यक्रम केला, तेव्हा त्यांच्या आधी वाजवणाऱ्यांत ओएमडी पुन्हा होते, आणि तोवर त्यांची स्वतःची गाणी जगभर गाजलेली होती. तेव्हा आधी वाजवणारा बँड म्हणजे दुय्यम, असं समजू नका. दुसरा प्रकार बरोबरीचा. २०२२ साली पेट शॉप बॉइज आणि न्यू ऑर्डर यांनी 'युनिटी' नावाने उत्तर अमेरिकेचा एकत्र दौरा केला. दोघंही तोलामोलाचे, त्यामुळे शेवटी कोण वाजवणार हे आळीपाळीने ठरायचं.

याचा तुमच्यासाठी अर्थ सरळ आहे. वेळेवर पोचा. बरोबरीच्या जोडीत तुमचा आवडता बँड पहिलाही असू शकतो. आणि तो दुसरा असला तरी पहिला चुकवलात तर तुलनेला काही उरणारच नाही.

दुसरी पायरी: आठवडाभर आधी थोडं ऐका, पण नीट ऐका

दोन्ही बँडांची अख्खी कारकीर्द ऐकायच्या फंदात पडू नका. प्रत्येकाचा सगळ्यात नवा अल्बम एकदा ऐका, कारण कार्यक्रमात त्यातली बरीच गाणी येतात. मग प्रत्येकाचं एखादं थेट ध्वनिमुद्रण ऐका. स्टुडिओतलं गाणं आणि रंगमंचावरचं गाणं यात बँड काय बदलतो, हे आधीच कळलं तर अर्धं काम झालं.

त्यानंतर एकच गाणं निवडा आणि चार वेळा ऐका. पहिल्यांदा फक्त खालची बेसची ओळ. दुसऱ्यांदा फक्त ड्रम मशीन. तिसऱ्यांदा मागे पसरलेले लांब स्वर, ज्यांना वाजवणारे 'पॅड' म्हणतात. चौथ्यांदा गळा. तबल्याच्या एकल वादनात लेहरा आवर्तनामागून आवर्तन न बदलता फिरत राहतो आणि त्याच्या आधाराने तबला खुलत जातो, तसंच इथे सीक्वेन्सरचं आहे. सीक्वेन्सर म्हणजे स्वरांची ठरवून दिलेली मालिका पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र. नवख्या कानाला त्याचं तेच ते वाजणं कंटाळवाणं वाटतं, कारण कान त्या मालिकेतच बदल शोधत बसतो. बदल तिच्यावर होत असतो: आवाजाच्या पोतात, थरांच्या येण्याजाण्यात, गायकाच्या श्वासात.

थोडी वंशावळ माहीत असली तर ऐकण्याला धार येते. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात १९७० साली राल्फ ह्युटर आणि फ्लोरियन श्नायडर यांनी क्राफ्टवेर्क सुरू केला. १९७४ च्या 'ऑटोबान'पासून त्यांनी यंत्रांचा आवाज लोकप्रिय संगीताच्या मधोमध आणून ठेवला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सिंथेसायझर थोडे स्वस्त झाले आणि ब्रिटनमधल्या तरुण मुलांच्या हाती पडले. शेफील्डमध्ये ह्युमन लीग, बॅझिल्डनमध्ये डेपेश मोड, लिव्हरपूलजवळच्या विरलमध्ये ओएमडी. मग एक वेगळीच रचना रूढ झाली: एक जण माइकसमोर आणि एक जण कळपट्ट्यांमागे. सॉफ्ट सेल, याझू, इरेझर, पेट शॉप बॉइज ही सगळी दोघांचीच बिऱ्हाडं. ड्रम आणि बेस यंत्राने सांभाळल्यावर दोन माणसांत बँड उभा राहू शकत होता.

माझ्या मते या शैलीची शाळा एका संध्याकाळीत करायची असेल तर विन्स क्लार्क या एका माणसाचा माग काढावा. तो आधी डेपेश मोडमध्ये होता. १९८१ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि विन्सने बँड सोडला. मग ॲलिसन मॉयेबरोबर याझू, आणि १९८५ पासून अँडी बेलबरोबर इरेझर. यंत्रामागचा हात तोच, गळे तीन. तिन्ही सलग ऐका, गळा बदलला की त्याच हाताची यंत्रं किती वेगळी वाटतात ते लगेच कळेल.

तिसरी पायरी: कानांची तयारी

याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते, कारण जोड कार्यक्रमात आवाजाचा मारा एका बँडच्या दुप्पट वेळ चालतो.

कामाच्या जागेवरच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या 'नायॉश' या अमेरिकी संस्थेचा हिशोब असा: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतात, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. हे प्रमाण रोज त्या आवाजात काम करणाऱ्यांसाठी आहे, पण त्यावरून अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी मानक जाहीर केलं, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. म्हणजे नियम पाळणाऱ्या सभागृहातही तीन तास उघड्या कानांनी थांबणं शहाणपणाचं नाही.

इअरप्लग घ्याच. फोमचे बोळे स्वस्त आणि परिणामकारक असतात, पण ते उंच स्वर जास्त अडवतात, त्यामुळे गाणं दबल्यासारखं ऐकू येतं. संगीतासाठी बनवलेले फिल्टरवाले प्लग आवाज वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखाच कमी करतात. सिंथपॉपमध्ये हाय-हॅटची, म्हणजे ड्रममधल्या झांजांच्या जोडीची टिकटिक आणि सिंथची वरची चमक यांवर बरंच अवलंबून असतं, म्हणून जमलं तर हेच घ्या.

फोमचा बोळा नुसता कानावर चिकटवून उपयोग नाही. बोटांत वळून बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. हे सगळं पहिला बँड सुरू होण्याच्या आधी करायचं. कान बधिर झाल्यावर घातलेल्या प्लगने झालेलं नुकसान भरून येत नाही.

एक इशारा दिव्यांबद्दल. या कार्यक्रमांत स्ट्रोब भरपूर वापरतात. ज्यांना प्रकाशाच्या झपाझप उघडझापीने फिट येऊ शकते, त्यांना सेकंदाला सुमारे ३ ते ३० वेळा चमकणारा प्रकाश त्रासदायक ठरतो. असा त्रास असेल तर आयोजकांना आधीच विचारून घ्या.

बाकी तयारी साधी. तीन-चार तास उभं राहता येईल अशी पादत्राणं, लहान पिशवी, चार्ज केलेला फोन.

चौथी पायरी: जागा निवडा

रॉक बँडच्या कार्यक्रमात ड्रमचा आणि गिटारच्या ॲम्प्लिफायरचा आवाज थेट रंगमंचावरूनही येतो. इलेक्ट्रॉनिक बँडचं तसं नसतं. बरेचसे वादक कानातल्या मॉनिटरवर स्वतःला ऐकतात आणि प्रेक्षकांपर्यंत येणारा जवळजवळ सगळा आवाज सभागृहाच्या स्पीकरमधून येतो. त्यामुळे अगदी पुढे, कठड्याला टेकून उभं राहिलात तर हात छान दिसतील, पण आवाज विचित्र लागेल. वर टांगलेले मुख्य स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे फेकत असतात आणि खालचे सब-वूफर, म्हणजे फक्त बेससाठीचे स्पीकर, थेट पोटात घुमतात. गळा हरवतो.

सगळ्यात नीट आवाज साधारणपणे मिक्सिंग डेस्कच्या जवळपास मिळतो, कारण साउंड इंजिनिअर तिथे उभा राहून, तिथे जे ऐकू येतं त्यावरूनच मिश्रण ठरवतो.

बेसबद्दल एक युक्ती लक्षात ठेवा. ५० हर्ट्झच्या स्वराची लाट हवेत जवळजवळ सात मीटर लांब असते. डाव्या आणि उजव्या सब-वूफरमधून निघालेल्या अशा लाटा काही जागी एकमेकींत मिसळून वाढतात आणि काही जागी एकमेकींना खाऊन टाकतात. बरोबर मधल्या रेषेवर बेस दणदणीत असतो, आणि थोडं बाजूला गेलं की पोकळ होऊ शकतो. तेव्हा बेस अंगावर येत असेल किंवा गायबच वाटत असेल तर वैतागून निघू नका, काही पावलं आडवं सरका. कित्येकदा तेवढ्यानेच गाणं जागेवर येतं.

उभं राहायचा कार्यक्रम असेल तर माझा सल्ला असा: पहिल्या बँडच्या वेळी पुढे जा. तेव्हा गर्दी विरळ असते आणि हात जवळून बघता येतात. दुसऱ्या बँडला डेस्कजवळ या आणि ऐका.

पाचवी पायरी: हातांकडे बघा

आता सुरुवातीच्या शंकेकडे येऊ. इलेक्ट्रॉनिक बँडचा आवाज साधारण तीन थरांचा असतो. पहिला, आधी ध्वनिमुद्रित केलेला आणि लॅपटॉपवरून जसाच्या तसा वाजणारा. दुसरा, यंत्र त्या क्षणी वाजवत असलेला: स्वर ठरलेले, पण त्यांचा रंग माणसाच्या हातात. तिसरा, पूर्णपणे हाताचा किंवा गळ्याचा. बहुतेक बँड तिन्ही वापरतात. कोणता थर कुठला हे ओळखता येऊ लागलं की कार्यक्रम वेगळाच दिसायला लागतो.

सुरुवात फिल्टरपासून करा. कळपट्टीच्या वरच्या पाट्यावर गोल बटणांच्या रांगा असतात, त्यात 'कटऑफ' नावाचं एक असतं. ते खाली फिरवलं की आवाज जाड गोधडीत गुंडाळल्यासारखा मंद होतो, वर नेलं की धारदार आणि उजळ. वादकाचा डावा हात त्या बटणावर जातो तेव्हा कान टवकारा. बोटं हळूहळू फिरताहेत आणि त्याच गतीने बेसची ओळ उघडत चालली आहे, चार आवर्तनं, आठ आवर्तनं, आणि बरोबर समेवर ड्रम येऊन पडतो. स्वर यंत्राचे आहेत. पण किती उघडायचं, कधी थांबायचं, गर्दीला अजून किती ताणायचं, हे सगळं त्या हातात आहे. हात हलतो आणि आवाज बदलत नाही असं दिसलं, तर तो थर मुद्रित आहे हेही तुम्हाला कळेल.

अर्पेजिएटरवर पुष्कळ जण फसतात. वादक तीन कळा दाबून स्तब्ध उभा असतो आणि स्वर मात्र सुसाट धावत असतात. बघणाऱ्याला वाटतं, ही लबाडी. पण अर्पेजिएटर दाबलेल्या कळांचेच स्वर एकामागून एक वाजवतो. वादकाने एक बोट उचललं की तो स्वर साखळीतून गळतो, नवीन कळ दाबली की सामील होतो. त्या एका बोटावर नजर ठेवा.

व्होकोडरवाला यांत्रिक आवाज आला तर तोंड आणि बोटं दोन्ही बघा. बोलण्याचा आकार तोंडातून येतो आणि स्वर कळपट्टीतून. दोन्हींपैकी एक थांबलं की आवाज बंद.

मग ताल. १९८३ मध्ये वेगवेगळ्या वाद्यांना एकमेकांशी जोडणारं मिडी हे मानक आलं. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यव्यापाराच्या 'नॅम' प्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्स आणि रोलँड या दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका तारेने जोडून दाखवली गेली. त्यामुळे सगळी यंत्रं एका घड्याळावर चालू शकली. हे घड्याळ एका मात्रेला २४ ठोके पाठवतं, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्यात सेकंदाला ४८. एवढ्या बारीक घड्याळावर माणसाला चुकून चालत नाही. म्हणून ड्रमर असलाच तर त्याच्या कानात टिकटिक चालू असते. गाणं सुरू होण्याआधी कुणी कुणाकडे बघून मान हलवतं, ते शोधा. बहुधा घड्याळ सुरू करणारा माणूस तोच.

जुनी ॲनालॉग वाद्यं असतील तर गाण्यांच्या मध्ये वादक पाट्यावर वाकलेला दिसेल. या वाद्यांचे सूर तापमानाबरोबर सरकतात, आणि रंगमंचावरचे दिवे चांगलेच तापवतात. १९७८ च्या प्रॉफेट-५ वर तर सूर जुळवायचं वेगळं बटण आहे. त्याच वाद्याने आवाज साठवून ठेवायचीही सोय केली. त्याआधीच्या बहुतेक वाद्यांवर, उदाहरणार्थ १९७० च्या मिनिमूगवर, प्रत्येक गाण्यासाठी बटणं हातांनी पुन्हा लावावी लागत.

मुद्रित थराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती फसवणूक नाही, लपवाछपवी केली नाही तर. ओएमडीने १९७८ साली लिव्हरपूलच्या एरिक्स क्लबमध्ये पहिला कार्यक्रम केला तेव्हा ड्रमरच्या जागी टेपरेकॉर्डर होता. त्याचं नाव त्यांनी विन्स्टन ठेवलं आणि त्याला सगळ्यांसमोर रंगमंचावर मांडलं. क्राफ्टवेर्कने तर एका गाण्यापुरते स्वतःच्या जागी यंत्रमानव उभे केले. मी पाहते ते एवढंच की गळा जिवंत आहे का, आणि निदान एक थर तरी आजच्या गर्दीकडे बघून बदलतो आहे का.

सहावी पायरी: मधला अर्धा तास

पहिला बँड संपला की लोक पांगतात. तुम्हीही कानांना विश्रांती द्यायला दहा मिनिटं शांत जागी जाऊन या. मोठ्या आवाजात कान तात्पुरते मंदावतात, आणि तसेच थांबलात तर दुसरा बँड उगाच निस्तेज वाटेल. पाणी प्या.

पण लवकर परत या, कारण अदलाबदल बघण्यासारखी असते. पहिल्या बँडची वाद्यं बहुतेकदा चाकांच्या चौथऱ्यांवर जशीच्या तशी ढकलत बाहेर नेतात. मागे झाकून ठेवलेला दुसऱ्या बँडचा संच पुढे येतो. जमिनीवरच्या रंगीत पट्ट्यांवरून कुठलं वाद्य कुठे हे ठरतं. मग तंत्रज्ञ एकेक वाहिनी तपासतो: किक, स्नेअर, बेस, कळपट्टी, माइक. हे सुटे आवाज लक्ष देऊन ऐका. पुढच्या तासाभरात जे एकजीव ऐकू येणार आहे, त्याचे घटक इथे वेगवेगळे कानावर पडतात. घरी केलेला चार वेळा ऐकण्याचा सराव इथे कामी येतो.

सातवी पायरी: दुसरा बँड

पहिल्या दोन गाण्यांत मत बनवू नका. इंजिनिअर अजून भरलेल्या सभागृहाला आवाज जुळवत असतो. गर्दी जमली की माणसांची अंगं आणि कपडे उंच स्वर शोषून घेतात, आणि दुपारच्या रिकाम्या सभागृहात केलेला साउंडचेक थोडा फिरवावा लागतो.

मग पहिल्याशी ताडून बघा. गळा यंत्रांच्या वर आहे की आत मिसळलेला? गाणी संपतात की एकातून दुसऱ्यात वाहतात? लय सगळीकडे काटेकोर आहे, की कुठे माणूस घड्याळामागे किंचित रेंगाळतो? पहिल्या बँडने मुद्रित ठेवलेला थर दुसरा हाताने वाजवतो का? यातल्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी पुरे.

दुसऱ्या बँडची माणसं पाहुणे म्हणून रंगमंचावर येण्याची शक्यताही असते. ऑगस्ट १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर डेपेश मोडच्या आधी 'इलेक्ट्रॉनिक' हा बँड वाजला. त्यात न्यू ऑर्डरचा बर्नार्ड समनर होता, आणि त्याच्याबरोबर पेट शॉप बॉइजचे दोघं पाहुणे म्हणून उभे राहिले. तेव्हा शेवटची बस गाठायची घाई असेल तर परतीची सोय आधीच लावून ठेवा आणि दिवे लागेपर्यंत थांबा.

आणि नाचा. हे संगीत शरीरासाठी बनलेलं आहे, बसून अभ्यास करायला बाकीचे दिवस आहेत. फोनवर एखादं गाणं टिपा आणि खिशात ठेवा. मागच्याला तुमच्या पडद्यातून कार्यक्रम बघायला लावू नका.

घरी आल्यावर

कानात थोडी शिट्टी वाजत असेल तर ती साधारण दिवसभरात ओसरायला हवी. दोन दिवसांनंतरही राहिली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर मात्र त्याच दिवशी जा. पुढचे एक-दोन दिवस हेडफोनला सुट्टी द्या.

त्यानंतर दोन्ही बँडांचं एकेक गाणं, जे तिथे सगळ्यात जास्त भिडलं तेच, स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात पुन्हा ऐका आणि काय काय बदललं होतं ते लिहून काढा. फिल्टर कुठे उघडला, कुठला थर गाळला, शेवट किती लांबवला. पुढच्या कार्यक्रमाला जाताना ती यादी बरोबर असू द्या.